उजेडातून बघायचा रंग

विमानाने बंगळूरला येणारा माणूस खरं तर देवनहळ्ळीत उतरतो. टिपू सुलतानाचं जन्मगाव, मातीच्या जुन्या गढीवर दगडी तट चढवलेला किल्ला आणि पपनसांच्या बागा ही या तालुक्याची जुनी ओळख. २००८ साली विमानतळ आला आणि ती मागे पडली. उतरलेले बहुतेक लोक दक्षिणेला शहराकडे जातात. त्याच महामार्ग ४४ वर गाडी उत्तरेला वळवली, तर चिक्कबळ्ळापूर, बागेपल्ली मागे पडतं, आंध्रची हद्द लागते, लेपाक्षीचा फाटा जातो, पेनुकोंड्याचा डोंगर दिसतो आणि तीन-साडेतीन तासांत धर्मावरमजवळच्या निम्मलकुंटा या गावात पोचता येतं. इथे बकऱ्याची कातडी ताणून वाळवतात, कोरतात, रंगवतात आणि त्यांच्या सावलीच्या खेळाच्या बाहुल्या करतात. गावाची भाषा तेलुगू, पण ही कातडी रंगवणाऱ्यांच्या घरातली बोली मराठी आहे.

कोरलेल्या कातड्याला रंग कसा द्यावा, हा प्रश्न वरवर कारागिराच्या ओट्यापुरता वाटतो. कोणती बाटली, कोणता कुंचला, रंग टिकावा म्हणून काय करायचं, एवढंच. पण सिंधुदुर्गातल्या पिंगुळीपासून कोप्पळ, बळ्ळारी, अनंतपूर ते पार कन्याकुमारीपर्यंत ही कला ज्यांनी सांभाळली त्यांचं काम एकत्र ठेवून पाहिलं, तर या प्रश्नाचं उत्तर बाटलीत सापडत नाही. ते दिव्याच्या जागेत सापडतं. उजेड कातड्याच्या मागे आहे, पुढे आहे की आत आहे, यावर रंग ठरतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत दिव्याची जागा आणि जात दोन्ही बदलल्या. रंगाबद्दलचे आजचे बहुतेक वाद त्यातून आलेले आहेत.

आधी ही माणसं कोण ते पाहू. कर्नाटकात त्यांना किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात म्हणतात. खेळातल्या विदूषकाचंच नाव जातीला चिकटलं. त्याची जोडीदारीण बंगारक्का आंध्रातही आहे, तिथे ती तिथल्या विदूषकाबरोबर, जुट्टुपोलिगाडूबरोबर, पडद्यावर येऊन शिव्यांची लाखोली वाहते. तमिळनाडूत हेच लोक मंडिगर. नावापुढे 'राव' लावतात, खेळ तमिळमध्ये करतात आणि घरी मराठीचं एक जुनं, दक्षिणेत राहून बदललेलं रूप बोलतात. तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने आपले पूर्वज दक्षिणेत आले, अशी त्यांच्यातली समजूत आहे. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं ते १६७५ च्या सुमारास, आणि ते राज्य १८५५ पर्यंत टिकलं, म्हणजे या समजुतीला जागा आहे. पण कला त्यांनी बरोबर नेली की तिथे जाऊन उचलली? तेराव्या शतकातल्या पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगू 'पंडिताराध्यचरित्रा'त कातडी बाहुल्यांच्या खेळाचा उल्लेख येतो. मराठ्यांच्या घोड्यांनी तुंगभद्रा ओलांडण्याआधी चारशे वर्षं हा खेळ तेलुगू मुलखात होता. मला तरी दुसरी शक्यता जास्त पटते. मराठी माणसाने दक्षिणेत जाऊन तिथली कला इतकी आपलीशी केली की आज ती त्याच्याच घरात शिल्लक आहे.

आता कातडं. चपलेचं, पिशवीचं चामडं कमावलेलं असतं. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या टॅनिनने ते कुजण्यापासून वाचतं, मऊ राहतं, पण त्यातून उजेड जात नाही. बाहुलीचं कातडं कमावत नाहीत. बकऱ्याचं ताजं कातडं पाण्यात भिजवून, केस आणि आतल्या बाजूचा मांसाचा थर सुरीने खरवडून काढतात, मग ताणून उन्हात वाळवतात. वाळलं की ते टणक होतं आणि उजेडाकडे धरलं की मधाच्या रंगाचं दिसतं. पूर्वी देवा-नायकांसाठी हरणाचं कातडं वापरायची रीत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती संपली आणि सगळा भार बकऱ्यावर आला. दहा तोंडांच्या रावणाला एक कातडं पुरत नाही, तीन-चार लागतात. आंध्रातल्या बाहुल्या माणसाच्या उंचीच्या असतात, हात-पाय-मान वेगळे कापून दोऱ्याने जोडलेले. कर्नाटकात मोठ्या 'दोड्ड' बाहुल्या आणि लहान 'चिक्क' बाहुल्या, असे दोन प्रकार दिसतात. पिंगुळीच्या त्या मानाने लहान आणि साध्या.

कातडं सगळीकडे सारखं नसतं, ही रंगवणाऱ्याची पहिली अडचण. कण्याची रेघ जाड, पोटाकडचा भाग पातळ. एकाच बाटलीतला लाल कण्यावर काळपट दिसतो आणि पोटावर डाळिंबी. चरबी नीट निघाली नसेल तिथे पाण्यातला रंग धरतच नाही, थेंब होऊन बसतो. जास्त ओलं झालं तर कातडं फुगतं, वाकतं आणि कोरलेल्या भोकांच्या कडा उचलल्या जातात. म्हणून चांगला कारागीर कुंचला अर्धा कोरडा ठेवतो, छोट्या तुकड्यांत काम करतो आणि एक बाजू झाली की उलटून दुसऱ्या बाजूनेही तोच रंग तसाच भरतो. नवख्याला हे वाया गेलेलं काम वाटतं. पण पडद्यावर बाहुली डावीकडेही बघते आणि उजवीकडेही. शिवाय उजेड दोन्ही थरांतून जाऊन येतो, तेव्हा कुठे रंगाला खोली येते.

रंग भरण्याआधी कोरणं असतं. आकृतीची रेघ टोकदार सळईने किंवा बोरूने काढून, लाकडी ठोकळ्यावर कातडं ठेवून, वेगवेगळ्या तोंडाच्या पटाश्या आणि टोचे हातोडीने ठोकत भोकं पाडतात. गोल, थेंबाच्या आकाराची, चंद्रकोरीसारखी. ही भोकं दागिन्यांसाठी, वस्त्रांच्या काठासाठी, मुकुटासाठी. हातात धरून पाहिलं तर ती नक्षी वाटते. पडद्यामागे दिवा लावला की कळतं, भोक हा या कलेतला पांढरा रंग आहे. कातड्याचा स्वतःचा रंग पिवळट, त्यावर पांढरा लावला तर तो उजेड अडवून काळाच दिसणार. तेव्हा पांढरं हवं असेल तिथे कातडंच काढून टाकायचं. सीतेच्या गळ्यातल्या मोत्यांचा सर म्हणजे ओळीने पाडलेली मोकळी जागा. काळ्याचं उलट आहे. काजळीच्या जाड काळ्या रेघा प्रत्येक रंगाभोवती असतात. चर्चमधल्या रंगीत काचांना शिशाच्या पट्ट्या जे काम करतात तेच त्या इथे करतात, एक रंग दुसऱ्यात सांडू देत नाहीत आणि लांबून बघणाऱ्याला आकृती ओळखू येते.

राहिले मधले रंग, आणि खरा पेच तिथे आहे. रंग दोन जातींचे. एक विरघळतो, कातड्याच्या तंतूंत शिरतो आणि उजेड गाळून पुढे सोडतो. दुसरा बारीक भुकटीचा असतो, डिंकात किंवा प्लॅस्टिकच्या चिकात कालवलेला, तो पृष्ठभागावर थर होऊन बसतो आणि उजेड अडवतो. भिंतीवर, कागदावर, लाकडावर दुसरा जास्त उठून दिसतो. ॲक्रिलिक आणि पोस्टर रंग हे या जातीचे. तुम्ही ॲक्रिलिकने रंगवलेली झगझगीत बाहुली हातात घ्या आणि खिडकीसमोर धरा, ती जवळजवळ काळी दिसेल. तीच आकृती विरघळणाऱ्या रंगात केलेली असेल तर हातात थोडी मळकट वाटते आणि उजेडासमोर पेटते. बाजारात हा फरक कुणी विचारत नाही, कारण दुकानात वस्तू समोरून दाखवतात.

कातडं म्हणजे कोलॅजेन, एक प्रथिन. लोकर आणि रेशीम हीसुद्धा प्रथिनं, म्हणून रेशमाला चढणारे आम्लधर्मी रंग कातड्यालाही धरतात. थोडं आम्ल असलं की प्रथिनावर धन भार येतो आणि ऋण भाराचा रंग त्याला चिकटतो. लाखेचा लाल याच तत्त्वावर प्रथिनाला पकडतो. हळदीचा पिवळा सुंदर पण उन्हात टिकत नाही. निळीची गोष्ट अवघड आहे. कापडाला नीळ चढते ती अल्कलीच्या पिंपात, आणि तसं पिंप कच्च्या कातड्याला मानवत नाही, ते फुगतं. मग नीळ घोटून भुकटीसारखीच लावावी लागते आणि तिचा निळा उजेडातून मंद पडतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई कातड्यालाही धरते, पण लोहाची असल्याने वर्षानुवर्षांनी खालचा थर खाते. काजळीत तो धोका नाही. ती कशालाच चिकटत नाही आणि कशालाच खात नाही, म्हणून तिला डिंक लागतो.

जुन्या बाहुल्यांवर लाल, काळा, हिरवा आणि मातकट पिवळा यांचं राज्य का, याचं उत्तर काही अंशी या रसायनात आहे आणि बरंचसं दिव्यात. तेलाच्या ज्योतीच्या उजेडाचं रंगतापमान १९०० केल्विनच्या आसपास असतं. त्यात लाल-पिवळ्याचा भरणा आणि निळ्याचा दुष्काळ. लाल रंग लालच उजेड पुढे सोडतो, आणि तो ज्योतीत भरपूर आहे, म्हणून लाल पडद्यावर धगधगतो. निळ्याला पुढे सोडायला ज्योतीत फारसं काही नसतंच. तो काळोखतो, फार तर हिरवट वाटतो. आंध्रात मारुती हिरवा असतो. त्यामागे परंपरेचं जे काही स्पष्टीकरण असेल ते असो, पण एरंडेलाच्या दिव्यासमोर तो निळ्या मारुतीपेक्षा नक्कीच बरा दिसला असणार. वाटेत लेपाक्षीला वीरभद्र मंदिरात थांबून छताकडे पाहिलं तर तिथेही लाल, गेरू, काळा, हिरवा यांचीच रेलचेल आहे आणि निळा जवळजवळ नाही. सोळाव्या शतकातल्या त्या चित्रांतली एका बाजूने काढलेली तोंडं, टपोरे डोळे आणि कपड्यांवरची नक्षी पाहून बाहुल्यांची आठवण होते, हे अनेक अभ्यासकांनी नोंदवलं आहे. फरक एवढाच की छतावरचा रंग उजेड परतवतो आणि बाहुलीचा आरपार सोडतो.

ही आरपार रंगाची कल्पना सगळीकडे होती असं मात्र नाही. ओडिशाच्या रावणछायेत रंग नाहीच. बाहुली सलग, सांध्यांशिवाय, पडद्यावर फक्त काळी सावली. केरळच्या तोलपावकूत्तात भद्रकालीच्या देवळासमोरच्या कूत्तुमाडात, म्हणजे खेळाच्या मंडपात, नारळाच्या करवंट्यांतले २१ दिवे ओळीने लावून कंबरामायण खेळतात. तिथेही मुख्य काम सावलीचं आणि भोकांचं. जावा बेटावरचं वायांग कुलित तर उलट्या टोकाला आहे. म्हशीचं जाड कातडं अत्यंत बारीक कोरायचं आणि त्यावर सोन्याचा वर्ख आणि घट्ट अपारदर्शक रंग चढवायचे. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही. पण तिथे प्रेक्षक दोन्ही बाजूंनी बसतात. खेळवणाऱ्याच्या बाजूचे रंग बघतात, पलीकडचे सावली. चीनमध्ये गाढवाचं किंवा गाईचं कातडं काचेसारखं पारदर्शक करून, रंगवून वरून तुंग तेल लावतात. तुर्कस्तानच्या कारागोझला उंटाचं कातडं लागतं आणि तिथेही रंग आरपारच हवा. आंध्र-कर्नाटकची जात चीन-तुर्कस्तानशी जुळते, शेजारच्या ओडिशा-केरळशी नाही, हे नकाशाकडे बघून कुणालाही खटकावं. त्यातून घाईने काही निष्कर्ष काढायची गरज नाही. कोरलेल्या कातड्याला रंग द्यायलाच हवा असं नसतं आणि जिथे तो दिला तिथे तो दिव्याचा विचार करून दिला, एवढं त्यातून दिसतं.

कमावलेल्या चामड्याची गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडेही वळायला हवं, कारण 'लेदर कार्व्हिंग' म्हटलं की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते. वनस्पतींच्या सालीने कमावलेलं जाड चामडं किंचित ओलं करून, फिरत्या पात्याच्या सुरीने रेघ कापायची, कडा ठोकून दाबायच्या, मग रंग. इथे उजेड फक्त समोरून पडतो. रंग कापलेल्या खोबणीत साचून गडद होतो, उंचवट्यावर फिका राहतो, आणि त्या फरकातूनच आकार उठतो. आपल्याकडे याची सगळ्यांत ओळखीची शाखा शांतिनिकेतनची. रथींद्रनाथ ठाकूर आणि प्रतिमादेवी यांनी तिथे चामड्यावर बाटिकसारखं काम रुजवलं आणि श्रीनिकेतनमार्फत ते आसपासच्या गावांत गेलं. मेंढी-बकरीच्या मऊ चामड्यावर ठसा दाबून कापसाच्या बोळ्याने स्पिरिटमधला रंग टिपत जायचं. घरोघरी पाहिलेली ती तांबड्या-हिरव्या फुलांची पर्स या पद्धतीची. या मालाला भौगोलिक मानांकनही आहे. कोल्हापुरीला ते २०१९ मध्ये मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. पण कोल्हापुरी चपलेत रंगाचा सोस फार नाही. बाभूळ-हिरड्याने आलेला बदामी-तांबूस रंग आणि वरून तेल, यातच तिचं देखणेपण आहे. लाल गोंडे आणि जर हा तिचा नट्टापट्टा. तिला भडक डाय मारलेली पाहिली की मला तरी वाईट वाटतं.

कमावलेल्या चामड्याची रंगाची तक्रार एकच, रंग सुटतो. घामाने, पावसाने, घासल्याने तो कपड्याला लागतो. म्हणून वरून मेण किंवा लाखेचा पापुद्रा चढवतात. बाहुलीच्या कातड्याला तसा पापुद्रा चालत नाही, तो पडद्यावर चकाकतो आणि दुमडीवर तडकतो.

निम्मलकुंट्यात आणि इतरत्रही आता बाटलीतली जलरोधक रंगीत चित्रशाई चालते. कारागीर याबद्दल अजिबात ओशाळत नाहीत, आणि त्यांनी ओशाळावं असं काही नाही. चित्रशाई विरघळलेल्या रंगाची असते, म्हणजे आरपार दिसते. वाळली की पाण्याने सुटत नाही. लाल, निळा, जांभळा, नारिंगी, हवा तो रंग शेजारच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. जुन्या परंपरेत नसलेला जांभळा आणि मोरपिशी आले ते या बाटल्यांतून, आणि वीज आल्यामुळे ते टिकले. साध्या बल्बचा उजेड २७०० केल्विन, ज्योतीपेक्षा पुष्कळ पांढरा. त्यात पहिल्यांदा निळा निळा दिसला. पडद्यावर पूर्वी कधी न दिसलेला निळा राम दिसू लागला.

तरी ग्राहकाला 'नैसर्गिक रंग' हवा असतो. प्रदर्शनात, महागड्या हस्तकला दुकानात, आंध्रच्या 'लेपाक्षी' किंवा कर्नाटकच्या 'कावेरी' या सरकारी एम्पोरियममध्ये उभा राहिलेला माणूस पहिला प्रश्न तो विचारतो. मग विक्रेताही 'व्हेजिटेबल डाय' म्हणून मोकळा होतो. यात खोटेपणा किती आणि ग्राहकाची हौस किती हे सांगणं कठीण. नैसर्गिक रंगाचा पुन्हा प्रयोग करणारे कारागीर आणि संस्था आहेत, त्यांचं काम मोलाचं आहे, पण त्या कामाची कसोटी वेगळी हवी. 'नैसर्गिक आहे का' हा प्रश्न पुरेसा नाही. हळद नैसर्गिक आहे आणि वर्षभरात उडते. प्रश्न असा हवा की रंग आरपार दिसतो का, आणि उजेडात किती दिवस टिकतो. कापडाच्या जगात यासाठी निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचं प्रमाण आहे. रंगवलेला नमुना आणि त्या पट्ट्या शेजारी ठेवून उजेडात सोडायच्या, कोणत्या पट्टीबरोबर रंग उडाला ते पाहायचं, आणि त्यावरून १ ते ८ असा गुण द्यायचा. घरच्या घरी करायची तर साधी युक्ती आहे. एकाच कातड्याच्या पट्टीवर सगळे रंग लावायचे, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकायची आणि दोन-तीन महिने दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची. कागद काढल्यावर कोणती बाटली फेकायची ते कुणाला विचारावं लागत नाही.

हे सगळं महत्त्वाचं झालं ते लॅम्पशेडमुळे. खेळाची मागणी घटली तशी कारागीर दिव्यांच्या छत्र्या, भिंतीवरच्या चौकटी, दारावरचे पडदे अशा वस्तूंकडे वळले. आज निम्मलकुंट्यात चुली पेटतात त्या मुख्यतः या वस्तूंवर. शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही. मला त्यात काही वाईट दिसत नाही, उलट लॅम्पशेड ही बाहुलीची खरी नातलग आहे, कारण तिच्यात दिवा मागेच असतो. भिंतीवरची चौकट नव्हे. तिथे उजेड समोरून येतो, आणि समोरून कातडं मळकट दिसतं म्हणून कारागीर अपारदर्शक, चमकदार रंगांकडे सरकतो. एकदा हात तिकडे वळला की तोच रंग बाहुलीवरही येऊ लागतो. खऱ्या खेळाच्या बाहुल्यांमध्ये ॲक्रिलिक शिरलं आहे ते या वाटेने.

मात्र लॅम्पशेडने रंगाला एक नवी शिक्षा दिली. खेळात बाहुली रात्रीतून काही मिनिटं दिव्यासमोर असायची, मग वेताच्या करंडीत अंधारात पडायची. लॅम्पशेड रोज चार-पाच तास उजेडात, तोही आतून आणि अगदी जवळून. साठ वॅटच्या बल्बने तर कातडंच तापायचं, आकसायचं, सांधे फाटायचे. एलईडी आल्यावर उष्णतेचा त्रास जवळजवळ गेला. पण पांढऱ्या एलईडीच्या उजेडात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो आणि थंड पांढरा, ६५०० केल्विनचा दिवा घातला तर लाल मरतो. ज्योतीसाठी बेतलेली सगळी रंगसंगती त्या उजेडात पंडुरोग झाल्यासारखी दिसते. म्हणून लॅम्पशेड घेतली तर आत पिवळसर, २७०० केल्विनचाच दिवा लावावा. दुकानात सहसा हे कुणी सांगत नाही.

निर्यातीचा पेच आणखी वेगळा होता. १९९४ मध्ये जर्मनीने कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर बंदी घातली. भारतानेही १९९० च्या दशकातच अशा रंगांवर निर्बंध आणले. २००२ मध्ये युरोपीय संघाने मर्यादा ठरवली, किलोमागे ३० मिलिग्रॅम. ही बंदी कापड आणि चामड्याच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूंसाठी. तिचा थेट धाक लॅम्पशेडला कमी आणि चपला-पिशव्यांना जास्त. पण निर्यातदार प्रमाणपत्र मागू लागले, आणि गावातल्या कारागिराला पहिल्यांदा बाटलीवरचं लेबल वाचायची वेळ आली. सुटे, कागदाच्या पुडीत मिळणारे भुकटी रंग सगळ्यांत धोक्याचे, कारण त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. नामांकित कंपनीच्या शाईला तो धोका कमी. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून आहे, पण तिचं जग कमावलेल्या चामड्याचं, टॅनरीचं. कच्च्या कातड्यावर शाईने काम करणारे काही डझन घरांतले लोक त्या जगाच्या कडेला पडतात.

हवामानाकडे दुर्लक्ष करून रंगाबद्दल बोलता येत नाही. बळ्ळारी, कोप्पळ, अनंतपूर हा देशातला अगदी कोरडा पट्टा, वर्षाला पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर. कच्चं कातडं हवेतलं पाणी ओढतं, मऊ पडतं, त्याला बुरशी येते आणि बुरशी आली की पाण्यातला रंग फुटतो, शेजारच्यात उतरतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चित्रकथी आणि चामड्याच्या सावली-बाहुल्या तिन्ही सांभाळल्या. पण तिथे कागदावरची चित्रकथी जास्त फुलली आणि कातडी बाहुली बेताची राहिली, यात कोकणच्या पावसाचा हात असावा असं मला वाटतं. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराच्या गोठ्यातून ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच यादीत केरळच्या तोलपावकूत्ताचे रामचंद्र पुलवर होते. त्याआधी २०२० मध्ये निम्मलकुंट्याचे दळवाई चलपती राव, आणि २०२५ मध्ये कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या नव्वदी ओलांडलेल्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर. सहा वर्षांत चार पद्मश्री या कलेला आल्या आणि त्यातल्या दोघांच्या घरी दक्षिणी मराठी बोलतात, हे महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांनी फारसं छापलं नाही.

शेवटचा वाद संग्रहालयांचा. बंगळूरच्या कर्नाटक चित्रकला परिषदेत एम. एस. नंजुंडराव यांनी जमवलेल्या चर्मबाहुल्यांचा मोठा संग्रह आहे. त्यांतल्या जुन्या बाहुल्यांचे रंग उतरलेले, कातडं तपकिरी पडलेलं. संग्रहालयाचा नियम असा की आहे तसं ठेवायचं, रंगाला हात लावायचा नाही, उजेड पन्नास लक्सच्या आत. त्यामुळे बाहुली समोरून, मंद दिव्यात दिसते, म्हणजे ती जशी दिसावी म्हणून केलीच नव्हती तशी. कारागिराचा नियम उलटा. फिकी पडली की पुन्हा रंगव, फाटली की शिव, अगदीच गेली की नदीत सोड. एकाच बाहुलीवर आजोबांचा लाल, बापाचा जांभळा आणि नातवाची शाई एकावर एक सापडते ती यामुळे. संग्रहालयाला त्यातला सगळ्यांत खालचा थर हवा असतो आणि खेळवणाऱ्याला सगळ्यांत वरचा. निदान काही तुकड्यांमागे पिवळसर, मंद दिवा बसवून दिवसातून पाच मिनिटं लावायला कुणाची हरकत नसावी. एलईडीने तेवढ्यात कातडं तापत नाही आणि उडालेला रंग त्याहून फार उडत नाही.